देवाचें रान आणि देवाचे मासे

पुणें जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून पिंपरीपासून उत्तरेकडे निघावें, तों चिंचवड, देहू, आळंदी आणि चाकण हीं नांवें जवळजवळच लागतात. आमच्या वडिलांच्या पिढीस हीं नांवें निराळ्याच कारणांसाठीं ठाऊक होतीं. चिंचवड म्हणजे श्रीमोरया गोसावी यांची समाधि, देहू म्हणजे तुकाराम महाराज, आळंदी म्हणजे ज्ञानेश्वर माउली, आणि चाकण म्हणजे १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें शाइस्तेखानाच्या फौजेशीं झुंजविलेला भुईकोट. पुढें १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, त्यामागून मोटारींचे, यंत्रांचे व औषधांचे कारखाने आले, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि आतां चाकणच्या माळावर रात्रीं दिवाळी असावी इतके दिवे दिसतात. ज्यांच्या घरचा एखादा मुलगा, जावई किंवा सून ह्या पट्ट्यांत कामावर नाहीं असे वाचक थोडेच असतील. म्हणूनच ह्या कारखान्यांच्या पाठीमागें व पायथ्याशीं जें कांहीं जिवंत राहिलें आहे, आणि तें कोणीं राखिलें, याची हकीकत घरांतील सर्व मंडळींनीं एकत्र बसून वाचावी, असें आम्हांस वाटतें.

ही हकीकत सांगतांना आरंभ एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यापासून करावा लागतो. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरींत असतां दख्खनची खानेसुमारी, पिकें, हवामान आणि पशुपक्षी यांची टिपणें करीत हिंडत असे. १८३१ सालीं त्यानें सह्याद्रींतील एका मोठ्या खारीचें वर्णन प्रसिद्ध केलें व तिला एल्फिन्स्टन साहेबांचें नांव दिलें. हाच आपला शेकरू, आणि तो आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्यानंतर आठ वर्षांनीं, १८३९ सालीं, त्याच साइक्सनें दख्खनच्या नद्यांतील माशांचें वर्णन केलें. त्यांत पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रांत सांपडलेल्या एका दांडग्या माशाला त्यानें ‘खुद्री’ हें नांव दिलें. हें नांव त्यानें येथल्याच लोकांच्या तोंडून उचललें असलें पाहिजे. हाच दख्खनी महसीर. योगायोग पाहावा, कीं ज्या दोन प्राण्यांस एका परक्या माणसानें जगाच्या दप्तरांत दाखल केलें, त्या दोघांनाही ह्या मुलखांत आश्रय मिळाला तो देवाच्या नांवावर. एकाला देवराईंत, दुसऱ्याला देवाच्या डोहांत.

प्रथम रानाकडे वळूं. ‘देवराई’ ह्या शब्दांतील ‘राई’ म्हणजे संस्कृतांतील ‘राजि’, ओळ किंवा रांग. आमराईंतही तोच शब्द असावा. कोंकणांत हिलाच देवरहाटी म्हणतात. चाकणहून राजगुरुनगर, म्हणजे जुनें खेड, मागें टाकून पश्चिमेस भीमाशंकराच्या वाटेला लागलें, कीं डोंगर चढूं लागतात. आणि खेड, आंबेगांव व जुन्नर ह्या तालुक्यांच्या डोंगरी भागांत गांवागणिक अशी एखादी राई आढळते. आंबेगांव तालुक्यांत सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर वसलेल्या आहुपें गांवची भैरवनाथाची राई तर अभ्यासकांत प्रसिद्धच आहे. आंत शिरलें कीं भर दुपारीं सांवली, पायांखालीं वीतभर पाचोळा, माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली, आणि मध्यें शेंदूर फासलेला एखादा तांदळा. बहुतेक ठिकाणीं देवाला मुळांत देऊळ नसेच. राई हेंच देऊळ.

हिचे नियम कोणीं लिहून ठेविले नाहींत, पण ते कोणत्याही सरकारी कायद्याहून कडक होते. वाळकी काटकी देखील उचलावयाची नाहीं, पायांतील वहाण बाहेर ठेवावयाची, शिकार करावयाची नाहीं. गांवच्या कामासाठीं एखादें झाड खरोखरीच हवें असलें, तर देवाला कौल लावावयाचा, व कौल उजवा मिळाला तरच कुऱ्हाड उचलावयाची. हें सर्व ज्यांनीं पाळिलें ते महादेव कोळी व त्यांच्याच शेजारचे इतर डोंगरी लोक. त्यांच्यापाशीं पोथ्या नव्हत्या. आम्ही शाकुंतल शिकवितांना पहिल्या अंकांत तपस्वी पुढें होऊन राजाला आश्रमांतील हरणावर बाण टाकूं देत नाहीं, तो प्रसंग मुलांस मोठ्या रंगानें सांगत असूं. कौटिल्यानें तर अर्थशास्त्रांत ‘अभयवन’ हा शब्द योजून तेथील पशु, पक्षी व मासे मारणाऱ्यास दंड सांगितला आहे. परंतु खरें अभयवन पाहावयाचें तर आमच्या पुस्तकाच्या कपाटांत न शोधतां आहुप्याच्या कड्यावर जावें लागतें, ही गोष्ट आम्हां पढीक लोकांस जरा उशिरांच कळली.

ती कळविण्याचें पुष्कळ श्रेय दोन पुणेकर शास्त्रज्ञांस आहे. प्रा. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांची पायीं हिंडून नोंद केली व १९७३ पासून त्यांवर लेख लिहिले. ह्याच सुमारास कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड, जिल्ह्यांतील श्रीवर्धन तालुक्यांतून गाणी नांवाच्या गांवच्या लोकांनीं त्यांच्याकडे गाऱ्हाणें नेलें. जंगलखात्यानें तेथील राईंतील झाडें तोडीसाठीं धरलीं होतीं, आणि गांवकऱ्यांचें म्हणणें असें, कीं ही राई तुटली तर गांवचा ओढा आटेल. ह्यांत देवीच्या कोपाची भीति नव्हती असें नाहीं. पण ओढ्याचा हिशेबही होता, आणि तो शास्त्रज्ञांच्या हिशेबाशीं तंतोतंत जुळणारा होता. दोघांनीं रदबदली केली व ती राई वांचली. श्रद्धा आणि व्यवहार यांना दोन निराळ्या खणांत घालण्याची जी आमची संवय आहे, ती गाणीच्या गांवकऱ्यांना नव्हती.

आतां शेकरूला राईच कां लागते तें सांगतों. हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाहीं. अंगानें हातभर, शेपूट त्याहून लांब, रंग तांबूस-तपकिरी, पोट पिवळट-पांढरें. एका झाडावरून दुसऱ्यावर तो सहा मीटरपर्यंत उडी घेतो. उंच शेंड्यावर काटक्या व पानें यांचें गोल घरटें बांधतो, आणि एकटें घरटें नव्हे तर अनेक. आज येथें, उद्यां तेथें. जांभूळ, आंबा, अंजनी, हिरडा अशा झाडांचीं फळें, फुलें व साल हा त्याचा आहार. एवढें लक्षांत घेतलें म्हणजे उघड होतें, कीं झाडांच्या माथ्यांची माळ जेथें तुटली तेथें शेकरूची वाटच तुटली. मध्यें नुसता एक रुंद रस्ता किंवा एक मोकळें वावर आलें तरी त्याच्या दृष्टीनें ती नदी होते. देवराईंतील जुनीं, माथ्याला माथा भिडलेलीं झाडें हा त्याचा वाडा, आणि राई-राईमधील साधें जंगल ही त्याची गल्ली.

भीमाशंकरचें जंगल १९८५ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १३१ चौरस किलोमीटर असून तें पुणें, रायगड व ठाणें ह्या जिल्ह्यांत पसरलें आहे. पावसाळ्यांत येथें कुजलेल्या लांकडांवर अंधारांत उजळणारी बुरशी दिसते. ती पाहून शहरी मंडळी चकित होतात. अभयारण्य झालें हें चांगलें झालें. पण त्याच्या पोटांत शेंकडों वर्षें राहत असलेल्या माणसांस त्या दिवसापासून आपल्याच रानांत चोरासारखें वाटूं लागलें, हेंही खरें. ज्यांनीं राखिलें त्यांच्यावरच पहारा. ही विपरीत स्थिति दुरुस्त करण्याची वाट २००६ च्या वनहक्क कायद्यानें काढून दिली. परंपरेनें राखीत आलेल्या जंगलाचें रक्षण, संवर्धन व व्यवस्था करण्याचा गांवाचा सामुदायिक हक्क त्या कायद्यानें मान्य केला, व ग्रामसभेवर वन्यप्राण्यांच्या रक्षणाची जबाबदारीही टाकली. खेड तालुक्यांतील येळवली ह्या अभयारण्यांतील चिमुकल्या गांवीं पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’ संस्थेच्या मदतीनें गांवकरी ह्या दिशेनें कांहीं वर्षें खटपट करीत आहेत. कागद हलावयास लागणारा वेळ पाहिला म्हणजे मात्र देवाचा कौल बरा, असें वाटतें.

उपाशी पोटीं रान राखा असें कोणीं कोणास सांगूं नये. ह्या डोंगरांत तो प्रश्न हिरड्यानें पुष्कळसा सोडविला आहे. आपण घरीं त्रिफळेंत घालतों तोच हिरडा. त्याचीं कोंवळीं फळें, म्हणजे बाळहिरडा, वाळवून विकणें हा जुन्नर, आंबेगांव व खेड येथील आदिवासी कुटुंबांचा मोठा आधार. झाड उभें आहे तोंवर दरसाल पैसा. ३ जून २०२० रोजीं आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळांत ह्या झाडांची फार नासाडी झाली, आणि नुकसानभरपाईसाठीं लोकांना मोर्चे काढावे लागले. घरांत हिरड्याची पूड चाळतांना सुनाबाळींस ही गोष्ट सांगावयास हरकत नाहीं.

देवरायांना आज जें भय आहे तें कुऱ्हाडीपेक्षां भक्तीचें अधिक आहे, असें आम्ही म्हटलें तर कोणास राग येईल. पण तें खोटें नाहीं. डोंगरांतील मुलगा चाकणच्या कारखान्यांत लागतो, हातीं चार पैसे येतात, आणि गांवच्या देवासाठीं कांहीं करावें असें त्याला मनापासून वाटतें. मग वर्गणी निघते, जीर्णोद्धार ठरतो. तांदळ्यावर कांक्रीटचें देऊळ चढतें, पुढें पत्र्याचा मंडप, फरशी, गाड्या उभ्या करावयास पटांगण. आणि त्या पटांगणासाठीं पिढ्यान्‌पिढ्यांचीं झाडें जातात. पुष्कळदां उघड्यावर राहणेंच पसंत करणारा असा त्या देवाचा लौकिक असतो. पण तें सांगणारा म्हातारा आतां एकटा पडलेला असतो. देणगी देणाऱ्यांत शहरांतील सुखवस्तु लोकही असतात. त्यांनीं देणगी देण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, कीं ह्या बांधकामासाठीं झाडें किती जाणार?

आतां पाण्याकडे. इंद्रायणीच्या कांठीं देहूस जो डोह आहे, तेथेंच तुकोबांची बुडविलेली गाथा तेरा दिवसांनीं वर आली अशी लोकश्रद्धा आहे. त्यामुळें त्या डोहांतील मासा धरावयाचा नाहीं, उलट त्याला लाह्या-चुरमुरे घालावयाचे, असा दंडक पडला. आळंदीच्या घाटासही तोच. ह्या संरक्षित माशांत महसीर हा मुख्य. त्याला वाहतें, गार व स्वच्छ पाणी लागतें, आणि अंडीं घालावयास गोट्यागोट्यांची, खळाळणाऱ्या पाण्याची जागा. पावसाळ्यांत तो त्यासाठीं प्रवाहाविरुद्ध वर चढतो. धरणें व बंधारे आले तसें त्याचें वर चढणें बंद पडलें, सुरुंगाची दारू टाकून मासे मारण्याची दुष्ट चाल पडली, आणि साइक्सला ज्या पात्रांत तो मिळाला त्या मुळा-मुठेंतून तो नाहींसा झाला. १९७० नंतर लोणावळ्यास टाटांच्या वीज-कंपनीच्या तलावाकांठीं डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं महसीराचीं अंडीं कृत्रिम रीतीनें उबवून पिलें वाढविण्याची पद्धति बसविली, व तेथील पिलें देशांतील दूरदूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं. बीज राखण्याचें काम शास्त्रानें केलें खरें; पण बीज पेरावयाला शेत हवें, आणि तें शेत म्हणजे नदी.

त्या नदीची दशा काय आहे? आळंदीस २०२३ व २०२४ सालीं इंद्रायणीवर पांढऱ्या फेंसाचे डोंगर तरंगत असल्याचीं चित्रें सर्वांनीं वर्तमानपत्रांतून पाहिलीं असतील. पवनेवरही असाच फेंस आलेला आहे, आणि मेलेल्या माशांचे थर कांठास लागल्याच्या बातम्या दोन्ही नद्यांच्या आहेत. हें कसें घडतें तें घरांतील मुलांस समजावून द्यावें. सांडपाण्यांतील घाण कुजवितांना सूक्ष्म जंतु पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खाऊन टाकतात. उन्हाळ्यांत पाणी थोडें व ऊन, म्हणजे आधींच प्राणवायु कमी. मग मासे गुदमरतात. फेंस येतो तो बहुधा साबण-चुऱ्यांतील व कारखान्यांच्या पाण्यांतील द्रव्यांमुळें, बंधाऱ्यावरून पाणी आपटलें कीं. कारखान्यांतून चोरून सोडलेल्या पाण्याला शिक्षा झालीच पाहिजे; परंतु पिंपरी-चिंचवडच्या लाखों न्हाणीघरांतून व मोऱ्यांतून जाणारें पाणी हें कोणा परक्याचें नव्हे. शुद्ध न करितां सोडलेलें घरगुती सांडपाणी हा ह्या रोगाचा मोठा भाग आहे. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून खालीं टाकणारे हात तर सुशिक्षितच असतात.

लोकांनीं हें निमूटपणें सोसलें असें मात्र नाहीं. २००८ सालीं चाकणजवळ भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशीं शिंदे-वासुली येथें डाऊ केमिकल ह्या अमेरिकन कंपनीचें संशोधनकेंद्र व्हावयाचें होतें. भामचंद्र ही तुकोबांच्या चिंतनाची जागा. तेथील ओढ्यांचें पाणी इंद्रायणीस मिळणारें. गांवकऱ्यांनीं वाट अडविली, वारकरी टाळ-मृदंगासह आले. आमच्या केंद्रापासून पाणी बिघडणार नाहीं, असें कंपनी सांगत होती. लोकांचा विश्वास बसेना. जुलै महिन्यांत जाळपोळही झाली. ती कोणाही विचारी माणसास रुचणार नाहीं. पण अखेर तें केंद्र तेथें झालें नाहीं. तसेंच २०२५ सालीं पिंपळे निलख येथें मुळेच्या कांठची झाडी नदीसुधाराच्या बांधकामांत जाणार म्हणून नागरिक, त्यांत बायकामुलेंही, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. नदीचा कांठ दगडी केला म्हणजे नदी सुधारली असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एकदां पहांटे त्या झाडींतील पक्ष्यांचा कलकलाट ऐकावा. खंड्या, बगळे व पाणकावळे यांना फरसबंदीचा उपयोग नाहीं.

पवना दापोडीस मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढें भीमेला, आणि इंद्रायणी तुळापुरास भीमेला. म्हणजे पिंपरी, चिंचवड, चाकण यांचें सर्व पाणी शेवटीं भीमेच्या पदरांत, आणि तेथून उजनी धरणाच्या जलाशयांत. हें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें. पाणी उतरूं लागलें कीं भिगवणच्या परिसरांत उथळ चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, आणि हिंवाळ्यांत त्यांवर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. चित्रबलाक असतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब असतात. कुंभारगांव, डिकसळ वगैरे गांवांतील मच्छीमार तरुण आतां होड्यांतून लोकांस पक्षी दाखवितात. ज्या पाण्यानें जमिनी गिळल्या त्याच पाण्यावर त्यांनीं हा नवा व्यवसाय उभा केला. पक्ष्यांच्या फार जवळ होडी नेऊं नका, आरडाओरड करूं नका, असें तेच पाहुण्यांस बजावतात. कारण थवा उडाला व परत आला नाहीं तर त्यांचीच चूल थंडावेल. ही दृष्टि कोणत्याही व्याख्यानानें आली नसती. पण त्यांच्या हातांत नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे वरून येणाऱ्या पाण्याची जात. ती पिंपरी-चाकणकरांच्या हातांत आहे. तेथून पुढें हेंच पाणी चंद्रभागा होऊन पंढरपुरास विठ्ठलाच्या पायरीशीं जातें. देहू-आळंदीच्या पालख्या त्याच गांवीं जातात. माणसें रस्त्यानें, सांडपाणी नदीनें.

सगळेच प्राणी शेकरूसारखे मनमिळाऊ नसतात, हेंही येथें सांगितलें पाहिजे. शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली ह्या गांवीं शेतकरी मोरांनीं खाल्लेलें धान्य सोसतात, कारण मोर गांवाचा अभिमान आहे. पण जुन्नर-आंबेगांवच्या उसांत दडणाऱ्या बिबट्याबद्दल तोच शेतकरी निराळें बोलेल, आणि ज्याच्या अंगणांत लेकरूं खेळत असतें त्याला शहरांत बसून उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तो विषय निराळ्या लेखाचा आहे.

कायद्याचीं नवीं साधनें मात्र आतां गांवांच्या हातीं आलीं आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक ग्रामपंचायतीला व नगरपालिकेला एक समिति नेमून आपल्या हद्दींतील झाडें, प्राणी, मासे, बीं-बियाणें व त्यांविषयींचें लोकांचें ज्ञान यांची नोंदवही तयार करावयाची असते. त्याच कायद्याखालीं महत्त्वाच्या जागेस ‘वारसास्थळ’ म्हणून जाहीर करितां येतें. २०२१ सालीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असे दोन प्रसंग घडले. आंबोलीस हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडांत एक नवीन जातीचा चिमुकला मासा सांपडला होता, तें कुंड; आणि दोडामार्ग तालुक्यांत बांबर्डें-हेवाळें येथील देवराईंत रानजायफळांची दलदल आहे, ती. दोन्ही ठिकाणें पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नांवावर राखलेलीं, आणि आतां कायद्याच्या नांवावरही.

देहूच्या डोहाची, आळंदीच्या घाटाची आणि भीमाशंकराकडील रायांची अशी तपशीलवार वही गांवोगांव लिहावयाची, तर माहिती कोणाजवळ आहे? सत्तरी ओलांडलेल्या कोळी म्हाताऱ्यांजवळ, हिरडा गोळा करणाऱ्या बायकांजवळ, घाटावर चुरमुरे विकणाऱ्यांजवळ. कोणता मासा कोणत्या महिन्यांत दिसे, कोणत्या सालापासून दिसेनासा झाला, राईची हद्द कोणत्या ओढ्यापर्यंत होती, कौल कोणीं लावावयाचा, हें त्यांच्या तोंडींच आहे. लिहिणारे हात आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांजवळ व कॉलेजांतील मुलांजवळ आहेत. दिवाळीच्या सुट्टींत भीमाशंकरास निघणाऱ्या कुटुंबांनीं एक दिवस अधिक काढावा, वाटेंतील एखाद्या वाडीवर उतरून वयस्क माणसाजवळ बसावें, आणि तो जें सांगेल तें त्याच्याच शब्दांत उतरून घेऊन तेथील ग्रामपंचायतीच्या समितीकडे द्यावें. राईंत शिरण्यापूर्वीं वहाणा बाहेर काढून ठेवाव्या. तेवढें तेथील मंडळी स्वतःहून सांगणार नाहींत, पण पाहतील.